‘पाट्या टाकणे’ मोजायचे कसे?

प्रश्न : मी कोल्हापुरात एका माध्यमिक शाळेत शिकवते आणि शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करते आहे. शिक्षकांमधील ‘क्वाएट क्विटिंग’, म्हणजे नोकरी न सोडता मन काढून घेऊन नेमलेल्यापुरतेच काम करणे, हा माझा विषय आहे. ग्रीसमध्ये तयार झालेल्या प्रश्नावलीचे मराठी भाषांतर जिल्ह्यातील शिक्षकांकडून भरून घ्यावे आणि त्यांची सरासरी परदेशातील शिक्षकांच्या प्रकाशित सरासरीशी ताडून पाहावी, असा विचार आहे. एवढे पुरेसे होईल का?
— एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : जिल्ह्यापुरत्या अभ्यासाला ही सुरुवात चांगली आहे, तुलनेला मात्र ती पुरेशी नाही. आपण म्हणता ती ग्रीक संशोधक गालानिस आणि सहकाऱ्यांची २०२३ सालची नऊ विधानांची मापनश्रेणी असावी. अलिप्तता, पुढाकाराचा अभाव आणि प्रेरणेचा अभाव हे तीन घटक ती मोजते, पण ती खास शिक्षकांसाठी बनवलेली नाही, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

‘नेमलेल्यापुरते काम’ ही कल्पना, नेमलेले काम कोठे संपते हे ठाऊक असेल तेव्हाच मोजता येते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते आठवीच्या शिक्षकासाठी तयारीच्या वेळेसह आठवड्याला किमान ४५ तास सांगितले आहेत, आणि कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका वगळता अशैक्षणिक कामाला मनाई आहे. कागदावरची सीमा ही अशी आहे. प्रत्यक्षात शिष्यवृत्ती परीक्षेचे सकाळचे जादा तास आपल्या जिल्ह्यात इतके अंगवळणी पडले आहेत, की ते न घेणाऱ्या शिक्षकाला पालक कामचुकार ठरवतील, आणि तोच शिक्षक जिथे असे तास घेण्याची रीतच नाही अशा देशात कर्तव्यदक्ष गणला जाईल. गगनबावड्यातील दोनशिक्षकी शाळेत ऑनलाइन माहिती भरण्यापासून पोषण आहाराच्या नोंदींपर्यंत सारे सांभाळणारे गुरुजी नव्या उपक्रमाला नकार देतात, तेव्हा त्यांचे मन उडालेले असते की दिवसच संपलेला असतो, हे ‘मी पुढाकार घेत नाही’ अशा धर्तीच्या विधानावर केलेली खूण सांगू शकत नाही.

भाषांतरातही एक खोच आहे. आपल्याकडे या वृत्तीला ‘पाट्या टाकणे’ हा अस्सल शब्द आहे, परंतु त्यात दोषारोप आहे. मूळ कल्पनेत मात्र कामाला मर्यादा घालण्याची, काहींच्या मते समर्थनीय, बाजूही आहे. हा शब्दप्रयोग विधानात आला तर कोणीही प्रामाणिक होकार देणार नाही. (शीर्षकात तो आम्ही वापरला आहे, पण शीर्षकाला गुण द्यायचे नसतात.) म्हणून मराठी मसुदा मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या व्यक्तीकडून पुन्हा मूळ भाषेत भाषांतरित करून घेऊन मुळाशी ताडून पाहावा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आठ-दहा शिक्षकांना प्रत्येक विधान वाचून त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावे.

यानंतर येते मापन-समतुल्यता, म्हणजे प्रश्नावली दोन्ही गटांत तीच गोष्ट सारख्याच रीतीने मोजते का, हा प्रश्न. दोन्ही गटांत घटकांची रचना तीच आहे का, प्रत्येक विधानाचा घटकाशी असलेला भारांक (ते घटकाशी किती घट्ट जोडलेले आहे याचा आकडा) सारखा आहे का, आणि विधानांचे आरंभमूल्यही (घटकाची पातळी सारखी असताना विधानाला मिळणारे गुण) जुळते का, या तीन पायऱ्या क्रमाने तपासाव्या लागतात. तिसरी पायरी गाठल्याशिवाय सरासरींची तुलना ग्राह्य धरता येत नाही, कारण काही समाजांत ‘पूर्णतः सहमत’सारखी टोकाची उत्तरे सहज दिली जातात, तर काहींत मधला पर्याय निवडण्याकडे कल असतो. ही तपासणी प्रकाशित सरासरीवरून होत नाही; परदेशातील संशोधकांकडे मूळ आधारसामग्रीच मागावी लागेल. ती मिळाली नाही तर तुलनेचा मोह सोडून सरकारी, अनुदानित आणि विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांची आपसांत तुलना करावी. माझ्या मते तो प्रबंध अधिक सकस होईल, अर्थात समतुल्यतेची ही तपासणी तिथेही टळत नाही. ग्रीक नोकरदारांवरून ठरलेली, किती गुणांपासून एखाद्याला ‘क्वाएट क्विटर’ म्हणायचे ती सीमारेषा मात्र जशीच्या तशी उचलू नये.

आणखी एक गोष्ट व्यवहारातली. प्रश्नावली मुख्याध्यापकांमार्फत किंवा केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सॲप गटावरून पाठवू नये. नाव, शाळा आणि शाळेची ओळख पटवणारा यू-डायस क्रमांक विचारू नये, आणि भरलेले कागद बंद लिफाफ्यात स्वतः गोळा करावेत. एका शाळेतील शिक्षकांची उत्तरे एकमेकांसारखी असण्याचा संभव असल्याने विश्लेषणासाठी प्रत्येक शाळेच्या लिफाफ्यांना केवळ आपल्यालाच कळेल असा सांकेतिक अंक द्यावा.