घरी बिअर करताना ग्रॅव्हिटी कमी येतेय, साखर घालून भरून काढू का?

साखर घालू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नको.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही मूळचे नाशिकच्या सिडकोतले, सध्या मेलबर्नला. पहिली बॅच 1.7 किलोचा माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) अर्काचा डबा आणि 1 किलो सुका माल्ट, म्हणजे तशाच अर्काची पूड, घेऊन, 23 लिटरच्या रेघेपर्यंत गार पाणी ओतून केली. ग्रॅव्हिटी, म्हणजे पाणी 1.000 धरून द्रवाचा दाटपणा, 1.038 अपेक्षित होती, आली 1.026. नमुना पळीने वरूनच घेतला, तेव्हा तापमान 32 अंश होतं. दुसरी बॅच 5 किलो पेल माल्ट दळून केली, तीही 1.047 ऐवजी 1.036 वर थांबली.

मी नाशिकला एका वायनरीच्या लॅबमध्ये आहे. आमच्याकडे द्राक्षाचा रस असतो, तुमच्याकडे माल्टचं गोड पाणी, म्हणजे वर्ट. ग्रॅव्हिटी मोजणाऱ्या काचेच्या कांडीला, हायड्रोमीटरला, त्याचं काही नसतं. दूध डेअरीतला लॅक्टोमीटरही त्याच घराण्यातला. द्रव जितका दाट तितकी कांडी वर तरंगते, एवढंच त्याला कळतं.

तुमच्या दोन बॅचचे आजार वेगवेगळे आहेत. पहिलीला तर आजारच नाही.

डब्यातला माल्ट वापरला की ग्रॅव्हिटी एवढी कमी येणं शक्यच नसतं. धान्यातून साखर काढायचं काम कारखान्यातच झालेलं असतं, तुम्ही ती फक्त पातळ करता. हिशोब करून बघा. पॉइंट म्हणजे 1.000 च्या वरचे हजारांश, 1.038 म्हणजे 38. एका लिटरात घट्ट अर्काचे किलोमागे साधारण 300 पॉइंट, सुक्या माल्टचे 370. 1.7 किलोचे 510 आणि वर 370, झाले 880. भागिले 23 लिटर, म्हणजे 38. हेच तुमचं 1.038. खरोखर 1.026 यायचं असेल तर त्याच मालात जवळजवळ 34 लिटर पाणी हवं होतं, आणि तेवढं तुमच्या फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, मावतही नसेल. डबा पुरता खरवडून ओतला असेल तर साखर सगळी आत आहे.

मग रीडिंग का चुकलं? मुख्य कारण तुमच्याच प्रश्नात आहे: वरून पळीने. अर्क काकवीसारखा घट्ट. तो थोड्या गरम पाण्यात विरघळवून वर गार पाणी ओतलं की जड वर्ट तळाशी बसतं आणि वर पाणचट थर राहतो. दोनचार वेळा ढवळून तो मोडत नाही. खालच्या तोटीतून नमुना घेतला असता तर रीडिंग जास्त आलं असतं आणि तुम्ही उलटा प्रश्न विचारला असता. आमच्याकडे सीझनमध्ये हा वाद ठरलेला. टँकचा रस पंपाने फिरवायच्या आधीच कुणीतरी घाईने नमुना आणतो, ब्रिक्स (वजनात साखर किती टक्के) कमी दिसतो आणि बागायतदाराला फोन लागतो. टँक फिरवल्यावर त्याच रसाचा ब्रिक्स जागेवर येतो. तुम्ही यीस्ट घालायच्या आधी लांब दांड्याच्या चमच्याने तळापासून पाचेक मिनिटं नीट घुसळा. त्या वेळी वर्टमध्ये हवा मिसळली तर यीस्टला ती हवीच असते.

दुसरं कारण तापमान. बहुतेक हायड्रोमीटर 20 अंशाला बरोबर असतात, काही जुने 15.5 ला. कोणता ते आतल्या कागदावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. 32 अंशाला द्रव पातळ होतो, कांडी जास्त बुडते आणि साधारण 3 पॉइंट कमी दिसतात. 40 ला 6. उकळत्या वर्टमध्ये हायड्रोमीटर सोडून सुधारणेचं कोष्टक लावणाऱ्यांना माझा नमस्कार. नमुना थंड करून मोजणं सोपं आणि खात्रीचं. इथे एप्रिलमध्ये लॅबच्या नळाचं पाणी 30 अंशाला असतं, त्यात चांगला हायड्रोमीटरसुद्धा 1.000 न दाखवता 0.997-0.998 दाखवतो.

आता हायड्रोमीटरचीच परीक्षा घ्या. 20 अंशाच्या डिस्टिल्ड पाण्यात 1.000 आलं पाहिजे. मग 100 ग्रॅम साखर आणि 900 ग्रॅम पाणी वजन करून मिसळा. हे 10 ब्रिक्स, म्हणजे 1.040. शून्य बरोबर आणि वरचा आकडा चुकीचा, अशी स्वस्त उपकरणं मी पाहिली आहेत. काहींमध्ये काचेच्या आतला कागदच घसरलेला असतो. तसं असेल तर नवीन घ्या.

फर्मेंटरवरच्या रेघांवरही आंधळा विश्वास नको. एकदा मापाने 23 लिटर ओतून बघा. पाणी 25 लिटर झालं असेल तर ग्रॅव्हिटी खरोखरच 1.035 येईल.

थोडक्यात, पहिल्या बॅचच्या वहीत 1.038 लिहा आणि गप्प बसा. शेवटी 1.010 आलं तर अल्कोहोल 3.7 टक्क्यांच्या आसपास. 1.026 खरं मानून तुम्ही पाऊण किलो साखर घातली असती, तर बिअर सव्वापाच-साडेपाच टक्क्यांची आणि चवीला पातळ झाली असती, कारण साखर सगळीच्या सगळी आंबते, अंगाला काही लागत नाही.

दुसऱ्या बॅचचं मात्र खरं आहे. 5 किलो माल्टमध्ये जास्तीत जास्त 1500 पॉइंट. तुम्हाला 23 लिटरला 36, म्हणजे 828 मिळाले, पंचावन्न टक्के. नवख्याला 70 टक्के जमायला हरकत नाही. इथे पहिला संशय दळणावर. दुकानातून दळून आणलेला माल्ट मूठभर ताटात पसरा. टरफल बऱ्यापैकी अख्खं आणि आतला दाणा चार-सहा तुकड्यांत फुटलेला हवा. एकही अख्खा दाणा दिसला तर त्यातली साखर तुम्हाला मिळालेली नाही. पीठही करू नका, गाळताना चोंदेल.

त्यानंतर थर्मामीटर. मॅश, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेला दळलेला माल्ट, 65 ते 67 अंशाला तासभर राहिला पाहिजे, आणि माल्ट ओतताना पिठल्यात होतात तशा गुठळ्या फोडल्या पाहिजेत. थर्मामीटर उकळत्या पाण्यात तपासा, तुमच्याकडे 100 दाखवेल. नाशिकहून नेलेला असेल आणि इथे 98 दाखवत होता म्हणून बिघडला असं ठरवलं असेल, तर तो बरोबर होता. शहर 600 मीटरच्या आसपास उंचीवर आहे, पाणी इथे 98 लाच उकळतं.

कमी आलेलं वर्ट वाचवायचं असेल तर यीस्ट घालायच्या आधी सुका माल्ट घाला, साखर नको. 11 पॉइंट गुणिले 23 लिटर, भागिले 370: सुमारे 700 ग्रॅम.

आणि दिवाळीत नाशिकला येऊन वडिलांना शिकवायचा बेत लिहिलाय, तो सोडा. तिकडे घरच्यापुरती बिअर करायला मुभा आहे. इथे 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे, परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा ठरतो.

पुढच्या वेळी दळलेल्या माल्टचा फोटो टाका, ताटात पसरून, जवळून.