ऑलिम्पिकची तीन गोल्ड, तरी दुसरी नोकरी?

प्रश्न: ताई, माझी पंधरा वर्षांची मुलगी स्विमिंग सोडून वॉटर पोलो (पाण्यात पोहत बॉल गोलमध्ये टाकायचा खेळ) खेळायचं म्हणतेय. अमेरिकेची मॅगी स्टेफन्स तिची हिरो. पण तीन गोल्ड जिंकलेल्या तिच्या टीमलाही पैशांची चणचण आहे असं वाचलं. खरंय का? मग यात करिअर कसलं?

उत्तर: खरंय हो. पॅरिस ऑलिम्पिकच्या तोंडावर, मे २०२४ मध्ये, मॅगीनंच इन्स्टाग्रामवर लिहिलं होतं की टीममधल्या बहुतेक जणी दुसरी, काही तर तिसरी नोकरी करून खेळतात. ते वाचून रॅपर फ्लेवर फ्लेव पुढे आला आणि त्यानं टीमशी पाच वर्षांचा स्पॉन्सरशिपचा करार केला. मला त्याचं कौतुक वाटलं, पण जगज्जेत्या टीमवर ही वेळ यावी याचा रागही आला. पुरुषांचा वॉटर पोलो ऑलिम्पिकमध्ये १९०० पासून आहे आणि बायकांना जागा मिळाली थेट २००० मध्ये, सिडनीला.

आता मॅगीचं बघा. २०१२ ला लंडनमध्ये १९ वर्षांची पोरगी, मोठी बहीण जेसिका त्याच टीममध्ये, आणि पहिल्याच मॅचला हंगेरीविरुद्ध सात गोल, मॅच सुटली १४-१३ अशी! फायनलला स्पेनविरुद्ध टीमच्या आठपैकी पाच गोल तिचे. मग रिओ, टोकियो, दोन्हीकडे कॅप्टन आणि गोल्ड, शिवाय टोकियोत इटलीच्या तानिया दि मारियोचा ४७ ऑलिम्पिक गोलांचा रेकॉर्डही मोडला. मधे स्टॅनफर्डमधून शिकली, स्पेनच्या साबादेल क्लबकडूनही खेळली. पॅरिसला मात्र सेमीफायनल शूटआउटमध्ये (बरोबरीनंतरच्या पेनल्टी थ्रोंमध्ये) हातची गेली, ब्राँझची मॅच नेदरलँड्सनं एका गोलनं घेतली, चौथा नंबर.

म्हणजे कमाईचं म्हणाल तर कॉलेजची स्कॉलरशिप, युरोपातले क्लब, पुढे कोचिंग, एवढंच धरून चाला. शिक्षण अजिबात सोडू देऊ नका, हे मी अगदी कळकळीनं सांगते.

आणि हा खेळ म्हणजे नुसतं पोहणं नाही. तळाला पाय टेकवायचा नाही, आठ-आठ मिनिटांचे चार क्वार्टर, पाण्याखाली कॉस्च्यूम ओढतात, ओरखडे निघतात, म्हणून मॅचआधी रेफरी नखं तपासतात. सगळा भार एगबीटर किकवर, म्हणजे दोन्ही पाय आळीपाळीनं उलटसुलट गोल फिरवत कमरेपर्यंत पाण्याबाहेर उसळायचं. लेकीला कोचच्या देखरेखीखाली दोन्ही हात वर धरून मिनिटभर तसं तरंगून बघू दे. मांड्या भरून आल्या आणि तरी पुन्हा करते म्हणाली, तर खुशाल पाठवा.