चौदा तासांची बाई

प्रिय पोरी,

फोटो पाहिला. हातात विशेष शिक्षिकेच्या नेमणुकीची ऑर्डर आणि मागे पंचायत समितीची पाटी. पेढे दिवाळीला आण, आधी हे वाच. परवा फोनवर तू विचारलंस, "मॅडम, तेरा शाळा आणि चौतीस दिव्यांग मुलं, सुरुवात कुठून करू?" मी म्हटलं, लिहून पाठवते. फोनवर सांगितलं असतं तर तू "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत ऐकलं असतंस आणि सोमवारी तक्ते-मणी पिशवीत भरून निघाली असतीस. मीही अशीच निघाले होते.

आधी हिशेब मांडू. शाळेचे दिवस धर २००. त्यातून प्रशिक्षणं, तपासणी शिबिरं, तालुक्याच्या मीटिंगा, माहिती भरायचे दिवस आणि पावसात रस्ता तुटला ते दिवस वजा कर. हातात १४० राहिले तर नशीब समज. दिवसाला दोन शाळा गाठल्यास तर २८० भेटी. त्याला तेरानं भाग. म्हणजे एका शाळेत वर्षभरात साधारण एकवीस वेळा तुझी गाडी लागेल. प्रत्येक मुलाबरोबर चाळीस मिनिटं बसलीस तरी वर्षाचे झाले चौदा तास. आणि शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गाला वर्षाला किमान ८०० तास अध्यापन व्हायला हवं. ते तास वर्गशिक्षकाच्या हातात आहेत.

चौदा तासांत आपण कुणाला वाचायला शिकवत नाही गं. हे कळायला मला सहा वर्षं लागली. मुलाला वर्गातून उठवून व्हरांड्यात घेऊन बसायचे, मणी ओवायला द्यायचे, चित्रं दाखवायचे. मूल खूश, मी खूश, आणि सगळ्यांत खूश वर्गावरच्या बाई, कारण तेवढा वेळ त्यांची पाटी कोरी. मी फाटकातून आत आले की त्या हाक मारायच्या, "आल्या बघा मॅडम, घेऊन जा तुमच्या पोराला." तुमच्या पोराला! पटावर नाव त्यांच्या वर्गात, हजेरी त्यांच्या हातची, आणि पोरगं माझं. सहा वर्षं मी त्या हाकेला ओ देत होते, वर तिचा अभिमान बाळगत होते.

आपलं पद कुठून आलं तेही माहीत असू दे, कारण स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारणारच, "तुमचं नेमकं काम काय हो?" २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच कायद्याच्या १७ व्या कलमात शिक्षक प्रशिक्षित करा आणि नेमा, असं लिहिलंय. ब्रेल आणि सांकेतिक भाषा येणारे शिक्षक नेमा, त्यात दिव्यांग शिक्षकही असू द्या, साधन केंद्रं काढा. आणि एक गोष्ट लोक वाचतच नाहीत, ती म्हणजे समावेशित शिक्षणाला आधार देणारा बाकीचा कर्मचारीवर्गही तयार करा. पुढे २८ ऑक्टोबर २०२१ ला रजनीश कुमार पांडेय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण ठरवायला सांगितलं, आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारने ते काढलं. प्राथमिकला दहा विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिकला पंधरामागे एक. आपल्या राज्याने २०२४ मध्ये शाळांच्या दर केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला, एक याप्रमाणे ४,८६० पदं मंजूर केली.

आता तुझे आकडे त्यात बसवून बघ. चौतीस मुलं, तू एकटी. म्हणजे नियमानेच तुझ्या केंद्राला तिघी तरी हव्यात. शहरात एकाच मोठ्या शाळेत दहा मुलं निघतात, तिथे एक माणूस पूर्णवेळ बसवता येतो. आपल्याकडे वाडीवरच्या पंचवीस पटाच्या शाळेत असं मूल असतं एखादं. त्या एकासाठी कुणी पद देणार नाही. म्हणून आपण फिरतीवर. पदं वाढावीत म्हणून संघटनेबरोबर भांडत राहा, मीही सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरींवर आणि दोन ऑर्डरींमधल्या सक्तीच्या 'तांत्रिक खंडा'वर अर्धं आयुष्य काढून मग भांडायला शिकले. पण पदं येईपर्यंत मूल चौथीतून पाचवीत जातं.

तेव्हा सुरुवात मुलापासून करूच नकोस. वर्गशिक्षकापासून कर. पहिल्या भेटीत पिशवी उघडायची नाही. मागच्या बाकावर बसायचं आणि बघायचं. मूल कुठे बसलंय, बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात का, शेजारी कोण आहे, मधल्या सुट्टीत त्याचं काय होतं. मग बाईंना विचारायचं, "तुम्हाला सगळ्यांत जड काय जातं?" आणि त्या जे सांगतील तेवढंच त्या महिन्यात हाताशी घ्यायचं. द्विशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन वर्ग सांभाळणाऱ्या माणसाला तू बारा कलमी वैयक्तिक आराखडा दिलास, तर तो फाइलीत छान दिसेल. फाइलीतच राहील.

श्रवणयंत्राची गोष्ट तुला सराव पाठांच्या वेळी अर्धीच सांगितली होती. तिसरीतली मुलगी. शिबिरात दोन्ही कानांना यंत्रं मिळाली होती, आणि मी गेले तेव्हा ती यंत्रं कुठे होती? मुख्याध्यापकांच्या लोखंडी कपाटात. डबीसकट, साठा नोंदवहीत नोंद करून. "हरवली तर जबाबदारी कुणाची?" असं विचारलं त्यांनी मला. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. मी यंत्र काढून तिच्या कानात घातलं आणि लगेच कुईंऽऽ करून शिट्टी वाजली. वर्ग हसला. तिने यंत्र उपटून काढलं आणि दप्तरात कोंबलं. खरं कारण मग कळलं. कानाचा साचा घेतला तेव्हा ती पहिलीत होती. कान वाढला, त्या साच्यावरून केलेला कानातला इअरमोल्ड सैल झाला, आवाज बाहेर फुटून परत माइकमध्ये शिरायला लागला, म्हणून शिट्टी. यंत्र ठणठणीत होतं. नवा मोल्ड करून आणायला पाच आठवडे गेले.

पण त्या मुलीचं खरं काम केलं तिच्या वर्गातल्या बाईंनी. मी त्यांना एवढंच दाखवलं, की रोज हजेरीच्या आधी यंत्र ओंजळीत धरून मूठ मिटायची. शिट्टी वाजली तर सेल जिवंत, गप्प राहिलं तर सेल बदला. अर्धं मिनिट लागतं. आणि सेलचा स्टिकर आधीच काढून ठेवायचा नाही. एकदा निघाला की सेल वापरा, न वापरा, उतरत जातो. दोन महिन्यांनी गेले तर बाई मलाच सांगत होत्या, "मॅडम, आमचीचं डावं यंत्र दोन दिवस झाले बसकं वाजतंय." मी मान हलवली, काही बोलले नाही. मोटारसायकलवर बसल्यावर मात्र मोठ्यांदा हसले.

शाळेत आणखी माणसं असतात, ती मंजूर पदांच्या आकृतिबंधात दिसत नाहीत. खिचडी शिजवणाऱ्या मावशींशी ओळख कर. कोण घास गालात धरून बसतो, कुणाच्या हातून ताटली सुटते, कोण मध्येच टक लावून बसतो, हे त्यांना आपल्याआधी कळलेलं असतं. एका पोराला झटके येतात हे मला मावशींनीच सांगितलं. घरच्यांनी लपवलं होतं, मास्तरांना वाटायचं लक्ष नाही. दिव्यांग मुलं ओळखायच्या प्रशस्त ॲपवरची चाळणी भरतानासुद्धा पहिला टप्पा वर्गशिक्षकाचा आणि दुसरा आपला असतो, तो क्रम उलटा करू नकोस. घाईघाईत सगळ्यांचं तूच भरून टाकशील, कारण रेंज फक्त तुझ्या फोनला असेल. तरी नको.

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे. भावंडाला मदतनीस करायचं नाही. शहरात पालक पैसे मोजून शॅडो टीचर ठेवतात. खेड्यात तेच काम पाचवीतल्या बहिणीच्या गळ्यात पडतं. दुसरीतल्या भावाला लघवीला न्यायचं, भरवायचं, तो ओरडला की वर्ग सोडून धावायचं. सगळे तिचं कौतुक करतात, "किती गुणी पोर." मीही एका मुलीला बक्षीस दिलं होतं, गॅदरिंगमध्ये, सगळ्यांसमोर. ती सहावीत शाळेतून गेली. तिच्या नावाचा रकाना माझ्या कुठल्याच फॉर्मात नव्हता. त्यापेक्षा आईशी बोल, मदतनीस भत्ता बसतो का ते तालुक्याच्या विषयतज्ज्ञांना विचार, वर्गात चार मुलांची पाळी लाव. पाळी लावली की त्या चौघांचंही ओझं होत नाही, उलट भांडतात, आज माझा नंबर म्हणून.

दिव्यांगत्वाच्या दाखल्याचं थोडक्यात. चाळीस टक्क्यांच्या खाली लाभ नाही हे खरं, पण मदतीला टक्के लागत नाहीत. पहिलीतलं पोर अक्षरं उलटी काढतं म्हणून त्याला अध्ययन अक्षम ठरवू नकोस, त्याची तपासणी आठ वर्षांनंतरची. फळ्याजवळ बसवायला, दोन ओळींत अंतर सोडून लिहून द्यायला, तोंडी परीक्षा घ्यायला सिव्हिल सर्जनची सही लागते का? आणि तुझी पुनर्वसन परिषदेची नोंदणी पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते, ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर लाल शाईने लिही. मी एकदा विसरले होते.

आता जे खास तुझ्या केंद्राचं आहे ते. बालाघाटाच्या त्या डोंगरातली निम्मी घरं दसरा-दिवाळीनंतर कुलूपबंद होतात, हे तुला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते. कारण ती माणसं आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे येतात, ऊस तोडायला. एका जानेवारीत फडाशेजारच्या कोप्यांत शाळाबाह्य मुलं शोधायला गेले होते. एका कोपीत वाकळेवर सात वर्षांचा मुलगा, सेरेब्रल पाल्सी, मान सावरत नव्हती. आई पहाटे चारला फडात गेलेली, जवळ आजी. खुर्ची होती म्हणे, शिबिरात मिळालेली, पण ट्रकमध्ये संसाराबरोबर मावली नाही, गावीच राहिली. आमच्या यादीत तो नव्हता, कारण पट तुमच्याकडे. तुमच्याकडे तो 'स्थलांतरित'. म्हणजे दोन जिल्ह्यांत मिळून त्याच्या वाट्याला शून्य माणूस.

आजीने गाठोड्यातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत वहीचं एक पान. त्यावर गावाकडच्या विशेष शिक्षकाने हाताने काढलेली चार चित्रं होती. झोपवताना मान कशी, भरवताना पाठीला टेकू कसा, पाय किती वेळ ताणायचे, आणि खाली फोन नंबर. मी तिथूनच फोन लावला. त्या माणसाला मुलाचं नाव सांगायच्या आधीच त्याने ओळखलं. अर्ध्या तासात मला कळलं की तालुक्याच्या फिजिओथेरपिस्टने काय सांगितलंय, कुठला सांधा दुखतो, तो कशाला हसतो. उसाच्या वाढ्यांच्या भाऱ्याला पोतं गुंडाळून आम्ही टेकू केला. खुर्चीइतका चांगला नव्हता. पण आजीला दोन हात मोकळे मिळाले.

दसऱ्याच्या आत तू असं एकेक पान कर. चौतीस नकोत, जी जाणार आहेत त्यांची. टाइप करू नकोस, चित्रं काढ, आईला वाचता येत नसेल. पान प्लॅस्टिकमध्ये घाल, नंबर मोठा लिही. आणि मुकादमाचा नंबर तुझ्याकडे घेऊन ठेव, तो कारखाना सांगतो. कर्नाटकात गेले तर अवघड आहे, तिथे माझी ओळख नाही. कोल्हापूर-सांगलीकडे आले तर मला कळव. रिटायर झाले असले तरी पोरं आहेत माझी केंद्रांवर.

आणखी बरंच आहे, पण तुझी पहिली भेट सोमवारी आहे आणि तुला अजून शाळांचे रस्ते माहीत नाहीत. शनिवारी सकाळची शाळा, दुपारी तीननंतर फोन कर. मुलांचं नंतर सांग, आधी मला तेरा वर्गशिक्षकांची नावं सांगायची, आणि प्रत्येकाला काय जड जातं ते. श्रवणयंत्राच्या सेलचा नंबर ६७५ आहे का १३, तेही बघून ठेव. तालुक्याला मिळत नाहीत, इथून दोन पाकिटं पाठवते.

तुझ्या,
मॅडम