एकमत नव्हते, सहभागिता होती

पहिल्या तीन शतकांत मंडळी (ख्रिस्ती चर्च) एकमताने चालत होती, मग पुढे एवढे पंथ कसे पडले आणि मुळात अधिकार कोणाकडे होता, असे आपण विचारले आहे. यातले पहिले गृहीतच मला मान्य नाही. आरंभीची मंडळी भांडत होती, आणि तीही किरकोळ गोष्टींवरून नव्हे.

पुनरुत्थानाच्या सणाचा, म्हणजे ईस्टरचा, वाद घ्या. आशिया या रोमन प्रांतातील (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातील) मंडळ्या यहुदी पंचांगातील निसान महिन्याच्या 14व्या दिवसाला धरून हा सण पाळत, मग वार कोणताही असो. रोममध्ये तो रविवारीच होई. इ. स. 155च्या सुमारास त्याच प्रांतातील स्मुर्णाचा वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेला. आपली प्रथा प्रेषित योहानाकडून आली आहे, असे त्याचे म्हणणे होते. रोमचा बिशप अनिसेटस आपल्या पूर्वसूरींची प्रथा सोडायला तयार नव्हता. कोणीच हटले नाही. तरीही अनिसेटसने प्रभुभोजनाचा (भाकर व द्राक्षारस वाटून घेण्याचा) विधी चालवण्याचा मान पॉलिकार्पला दिला, आणि दोघे शांततेने वेगळे झाले. सुमारे 190 साली रोमचा बिशप व्हिक्टर याच कारणावरून आशियातील मंडळ्यांना सहभागितेतून तोडायला निघाला, तेव्हा लियोंचा बिशप इरेनेयस याने त्याला हाच प्रसंग लिहून कळवला. इरेनेयस स्वतः रविवार पाळणारा होता, हे विशेष.

अधिकार नव्हता असे मात्र नाही. बिशपांची परंपरा, प्रेषितांनी स्थापन केलेल्या मंडळ्यांची साक्ष आणि प्रांतिक सभा यांना वजन होते, आणि रोमचे वजन त्यांत मोठे होते. वाद होता तो त्या वजनाचे हुकमात रूपांतर होते का, यावर. पाखंड्यांनी दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य धरावा, असे रोमचा बिशप स्टीफन याचे मत होते. 256 साली कार्थेजच्या सभेत 87 बिशपांनी ते नाकारले, आणि आपल्यापैकी कोणीही बिशपांचा बिशप नाही, असे कार्थेजचा बिशप सिप्रियन याने सुरुवातीलाच बजावले. बाप्तिस्म्याच्या मुद्द्यावर पश्चिमेत पुढे रोमचेच मत टिकले. पण हरलेल्या सिप्रियनचे नाव रोमन मिस्साच्या प्राचीन प्रार्थनेत आजही घेतले जाते.

325च्या निकाया परिषदेनेही वाद एका फटक्यात मिटला नाही. पुत्र हा पित्यासारखा अनादी नाही असे शिकवणाऱ्या एरियसच्या बाजूने तिथे शेवटपर्यंत दोनच बिशप उभे राहिले, पण 359 साली रिमिनीला जमलेल्या सुमारे 400 बिशपांनी सम्राटाच्या दबावाखाली निकायाच्या शब्दांना बगल देणाऱ्या मतांगीकारावर (विश्वासाच्या जाहीरनाम्यावर) सह्या केल्या. निकायाचा निर्णय पक्का झाला तो 381 सालच्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेत, म्हणजे मधली 56 वर्षे वाद, हद्दपारी आणि फेरसभा यांत गेल्यावर. परिषद भरली म्हणजे एकमत झाले, असे मानणाऱ्यांनी ही वर्षे मोजावीत. ख्रिस्ताच्या दैवी व मानवी स्वभावांविषयीचा 451च्या खाल्केदोन परिषदेचा निर्णय तर कॉप्ट (इजिप्तमधील), सिरियन आणि आर्मेनियन मंडळ्यांनी कधीच स्वीकारला नाही, म्हणजे कायमची फूट धर्मसुधारणेच्या हजारभर वर्षे आधीच पडली होती.

आता 1529 साली मारबुर्ग येथे काय झाले ते पाहा. धर्मसुधारणेचे दोन पुढारी, जर्मनीचा ल्यूथर आणि झुरिकचा झ्विंग्ली, यांचे 15 कलमांपैकी 14 कलमांवर जमले. अडले ते प्रभुभोजनाच्या भाकरीत ख्रिस्ताचे शरीर प्रत्यक्ष असते का, यावर, आणि ल्यूथरने झ्विंग्लीला बंधू म्हणून स्वीकारले नाही. पॉलिकार्प आणि अनिसेटस यांचे मत जुळले नव्हते, तरी प्रभुभोजनाचे मेज एक राहिले. इथे जवळजवळ सारे जुळूनही मेजावरच फाटले. माझ्या मते पंथ जन्माला येतात ते इथे. पुढे 1555च्या आउग्सबुर्ग तहाने, राज्य ज्याचे त्याचा पंथ, असे ठरवून या भेगांना सीमाभिंतींचे रूप दिले, ही त्यातली राजकीय बाजू.

उलट दिशेचे उदाहरण आपल्याच नागपुरातले आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी तिथे सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली. त्यांत बालकांचा बाप्तिस्मा करणारे अँग्लिकन होते आणि तो न मानणारे बॅप्टिस्टही होते. कोणालाही मत सोडायला न लावता बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती एकाच मंडळीत ग्राह्य धरण्यात आल्या.