मांडी घालून बसलं की जांघेत कळ येते, पण कमरेचा एक्स-रे नॉर्मल आहे. खुब्याची आणि मांडीची हाडं, स्नायू नेमके असतात तरी कसे?

तुम्ही लिहिलंय की वय ३८, दिवसभर खुर्चीत बसून काम, जेवायला खाली मांडी घालून बसलं की उजव्या जांघेत कळ येते, उठल्यावर पहिली दोन-चार पावलं लंगडत टाकावी लागतात आणि कमरेचा एक्स-रे मात्र नॉर्मल आला. मी फिजिओथेरपिस्ट आहे, अशी तक्रार घेऊन येणारी माणसं नेहमी बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपल्या शरीरात कुठे काय आहे हे पेशंटला माहीत असलं की डॉक्टरांना सांगताना खूप फरक पडतो, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात आधी हे बघा की खुब्याचा सांधा आहे कुठे. "खुबा दाखवा" म्हटलं की दहातली नऊ माणसं कमरेच्या बाजूला हात ठेवतात, जिथे पॅन्टचा पट्टा अडकतो तिथे. ती इलियम नावाच्या हाडाची वरची कड आहे, सांधा तिथे नाहीच. काहीजण त्याच्या खाली, मांडीच्या वरच्या बाजूला जे टणक हाड हाताला लागतं, कुशीवर झोपलं की गादीला टेकतं, ते दाखवतात. ते फीमरचं, म्हणजे मांडीच्या हाडाचंच टोक आहे, त्याला ग्रेटर ट्रोकँटर म्हणतात, पण सांधा तिथेही नाही. सांधा आत खोलवर आहे आणि तो पुढच्या बाजूने जास्त जवळ आहे. पोटाच्या खाली दोन्ही बाजूंना पुढे आलेलं टोकदार हाड लागतं ना, तिथपासून अगदी मधल्या जघनाच्या हाडापर्यंत एक रेघ मनात धरा आणि तिच्या मध्यावर बोट दाबा, नाडी उडताना लागेल. त्या नाडीच्या बरोबर मागे फीमरचं डोकं आहे. म्हणजे खुब्याचा सांधा दुखला तर तो बहुतेक वेळा जांघेत दुखतो, आणि तुमची कळ जांघेतच आहे. कमरेच्या एक्स-रेत मणके दिसतात, तुमचा प्रश्न कदाचित त्या फिल्मच्या चौकटीतच आला नसेल!

आता हाडं. ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंना जे मोठं हाड आहे ते जन्मतः तीन वेगळी हाडं असतात, वरचं इलियम, मागचं-खालचं इस्कियम आणि पुढचं प्यूबिस. ही तिन्ही जिथे भेटतात तिथेच खुब्याची खोबण आहे, आणि लहानपणी त्यांच्यामध्ये कुर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचीक भाग) असते जी साधारण १४ ते १६ वर्षांच्या आसपास हाडात बदलून तिन्ही एकजीव होतात. त्या खोबणीच्या कडेला लॅब्रम नावाचं कुर्चेसारखं कडं असतं, ते खोबण अजून खोल करतं आणि आतलं वंगण बाहेर जाऊ देत नाही. शाळेत आपण उखळीचा सांधा शिकलो तो हाच. खांद्यालाही तसाच सांधा आहे पण तिथली खोबण उथळ, म्हणून खांदा जास्त फिरतो आणि जास्त निखळतोही. खुबा सहसा निखळत नाही, त्याला गाडीचा अपघात वगैरे मोठा मार लागतो.

फीमर हे शरीरातलं सगळ्यात लांब हाड, उंचीच्या साधारण एक चतुर्थांश. पण ते सरळसोट नाही. वर गोल डोकं, मग एक तिरकी मान, आणि मग खाली गुडघ्यापर्यंत जाणारा दांडा. मान आणि दांडा यांच्यातला कोन मोठ्या माणसात साधारण १२५ अंश असतो, आणि मान थोडी पुढेही वळलेली असते, सरासरी १५ अंशाच्या आसपास. हे पुढचं वळण माणसागणिक बदलतं आणि खोबणीची खोली नि दिशाही बदलते, म्हणून एखादा सहज पद्मासनात बसतो आणि दुसऱ्याला वर्षानुवर्षं योगा करूनही जमत नाही. हे मी मुद्दाम लिहितेय कारण क्लासमध्ये "अजून थोडं दाबा, येईल" म्हणून गुडघे खाली ढकलणारे शिक्षक मी पाहिलेत. हाड हाडाला टेकलं की पुढे ताणायला काही उरतच नाही, मग ढकलल्यावर लॅब्रम चिरडतो किंवा गुडघा पिळला जातो. कृपया असं कोणाला करू देऊ नका.

त्या मानेबद्दल अजून थोडं, कारण घरात आजी-आजोबा असतील तर हे माहीत हवंच. फीमरच्या डोक्याला रक्त येतं ते मुख्यतः मानेवरून वर चढणाऱ्या बारीक धमन्यांमधून. बाथरूममध्ये घसरून फीमरची ही मान मोडली की त्या धमन्याही बऱ्याचदा तुटतात, मग हाड जुळायला रक्तच मिळत नाही, म्हणून वयस्क माणसात सर्जन बऱ्याचदा सरळ बॉल, म्हणजे फीमरचं डोकंच, बदलतात. तेच फ्रॅक्चर थोडं खाली, ट्रोकँटरच्या भागात झालं तर तिथे रक्तपुरवठा भरपूर असतो, मग रॉड घालून हाड जुळतं. शेजारच्या काकूंना रॉड घातला आणि आमच्या आईचा बॉल का बदलला, असं नातेवाईक विचारतात त्याचं उत्तर हे आहे. पडल्यानंतर पाय आखूड दिसला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळून पडलं असेल तर चोळत, शेकत बसू नका, उभं करायलाही जाऊ नका, थेट हॉस्पिटल.

आणि न पडताही हा रक्तपुरवठा बिघडू शकतो. त्याला एव्हीएन म्हणतात, एव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, म्हणजे रक्ताअभावी हाडाचा तो भाग मरतो. स्टिरॉइड जास्त प्रमाणात घेतलेली माणसं, जास्त दारू पिणारे, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पेशंट यांच्यात हे दिसतं, आणि कोविडच्या उपचारानंतर असे पेशंट २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनीही नोंदवले होते. यातली वाईट गोष्ट म्हणजे सुरुवातीला साधा एक्स-रे नॉर्मल येतो, एमआरआयमध्येच कळतं. तुम्हाला हेच आहे असं मी अजिबात म्हणत नाही, पण तिशी-चाळिशीत जांघेत कळ आणि मांडी घालताना त्रास असेल तर ही शक्यता तपासून बाजूला काढलेली बरी.

आता मांडी घालून बसण्याकडे येऊ, कारण तुमचं दुखणं तिथेच निघतं. मांडी घालताना खुबा एकाच वेळी तीन गोष्टी करतो, पुढे दुमडतो, बाजूला उघडतो आणि बाहेरच्या दिशेने फिरतो. या तिन्ही हालचाली आणि वर गुडघा दुमडणं, हे सगळं एकटा करणारा स्नायू म्हणजे सार्टोरियस, शरीरातला सगळ्यात लांब स्नायू, कमरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून तिरका मांडीवरून गुडघ्याच्या आतल्या बाजूपर्यंत जातो. तो बारीक आहे, जोर फार नाही. दुमडण्याचा खरा जोर येतो सोआस आणि इलियाकस या जोडीतून. सोआस मला फार महत्त्वाचा वाटतो कारण तो पाठीच्या खालच्या मणक्यांपासून निघतो, पोटाच्या आत मागच्या बाजूने खाली येतो, खुब्याच्या सांध्याच्या अगदी पुढून जातो आणि फीमरच्या आतल्या छोट्या उंचवट्याला, लेसर ट्रोकँटरला चिकटतो. पाय उचलताना काहींच्या जांघेत "कट्ट" असा आवाज येतो तो याचीच दोरी हाडावरून सरकल्याचा असतो, दुखत नसेल तर घाबरू नका. मणक्याला टीबी झाला तर पू याच स्नायूच्या आवरणातून खाली उतरून जांघेत गाठ म्हणून दिसू शकतो, आपल्याकडे टीबी अजून आहे म्हणून डॉक्टर तेही लक्षात ठेवतात.

मागच्या बाजूला खुबा फिरवणारे सहा छोटे स्नायू खोलवर असतात, त्यातलं पिरिफॉर्मिस हे नाव तुम्ही ऐकलं असेल कारण सायटिका नस (म्हणजे नर्व्ह, रक्तवाहिनी नव्हे), शरीरातली सगळ्यात जाड नस, बहुतेकांमध्ये त्याच्या खालून बाहेर पडते. मागच्या खिशात जाड पाकीट ठेवून तासन्‌तास गाडी चालवणाऱ्यांना तिथे दाब येतो. पण तिथलं दुखणं ढुंगणात आणि पायाच्या मागून खाली जातं, जांघेत नाही. कंबरेत इंजेक्शन देताना वरच्या-बाहेरच्या भागात देतात तेही ही नस वाचवायलाच.

आता तुमच्या लंगडण्याचं बघू. ढुंगणाचा सगळ्यात मोठा स्नायू ग्लुटियस मॅक्झिमस, तो उकिडवं बसून उठताना, जिना चढताना कामाला येतो, सपाट रस्त्यावर चालताना त्याला विशेष काम नसतं. चालताना खरी मेहनत करतो त्याच्या खाली दडलेला ग्लुटियस मीडियस. आपण चालतो म्हणजे दर पावलाला एका पायावर उभे असतो, आणि त्या क्षणी अख्खं शरीर उचललेल्या पायाच्या बाजूला कलंडायला बघतं. मीडियस इलियमला धरून खाली ट्रोकँटरकडे ओढतो आणि कंबर सरळ ठेवतो. हे सी-सॉ सारखं आहे, मधला टेकू म्हणजे फीमरचं डोकं, एका बाजूला शरीराचं वजन लांबवर बसलेलं आणि दुसऱ्या बाजूला मीडियस टेकूच्या जवळ, त्यामुळे त्याला वजनाच्या जवळपास दुप्पट जोर लावावा लागतो. वजन आणि स्नायूचा जोर दोन्ही मिळून सांध्यावर येतं ते शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट. ६० किलोच्या माणसाच्या खुब्यावर दर पावलाला १५० ते १८० किलो! पाच किलो वजन कमी करा असं आम्ही सारखं सांगतो ते उगाच नाही.

मीडियस कमजोर असेल तर दुखऱ्या पायावर उभं राहिल्यावर दुसरी बाजू खाली पडते, जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये हे वर्णन केलं, आजही त्यांच्याच नावाने ती तपासणी होते. घरी आरशासमोर उजव्या पायावर अर्धा मिनिट उभं राहून बघा, डावीकडची कंबर खाली जाते का, किंवा शरीर उजवीकडे झुकतं का. आणि काठी घ्यायची वेळ आली तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. सिनेमात आणि रस्त्यावरही उलटं दिसतं, पण विरुद्ध हातातल्या काठीने मीडियसचं काम हलकं होतं नि सांध्यावरचा भार खरोखर कमी होतो.

मांडीचे बाकीचे स्नायू पटकन सांगते. पुढे क्वाड्रिसेप्स, चार स्नायूंचा गट, गुडघा सरळ करतो, त्यातला रेक्टस फिमोरिस खुब्यावरूनही जातो म्हणून तोही जांघेत दुखू शकतो. बाहेरच्या बाजूचा व्हास्टस लॅटरॅलिस तो, ज्यात दीड महिन्याच्या बाळाला लस देतात, तिथे मोठी नस किंवा रक्तवाहिनी नसते म्हणून. आतल्या बाजूला अॅडक्टर, पाय जवळ आणणारे, कबड्डीत बोनससाठी पाय लांब टाकताना हे ओढले जातात आणि दुखतात जांघेतच, पण आतल्या कडेला आणि बोटाने दाबलं की नेमकी जागा सापडते. सांध्याचं दुखणं तसं बोटाने सापडत नाही, पेशंट अंगठा मागे आणि बोटं पुढे असा अख्खा पंजा खुब्याभोवती धरून दाखवतो. मागे हॅमस्ट्रिंग, तीन स्नायू, बैठकीच्या हाडापासून गुडघ्याखाली, धावताना लचकणारे.

लहान मुलं असतील घरात तर एक गोष्ट जरूर लक्षात ठेवा. खुब्याच्या आणि गुडघ्याच्या संवेदना नेणाऱ्या नसा बऱ्याच अंशी त्याच आहेत, त्यामुळे खुब्यात बिघाड असलेलं मूल "गुडघा दुखतो" म्हणतं. चार ते आठ वर्षांचं मूल लंगडतंय किंवा वयात येणारा जाडसर मुलगा गुडघा धरून बसतोय आणि गुडघ्यात काही सापडत नाही, तर खुब्याचा एक्स-रे झालाच पाहिजे. आणि बाळाला दुपट्यात पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळू नका, त्याने उखळीचा सांधा नीट घडायला अडथळा येतो, पाय दुमडून फाकायला जागा हवी. कडेवर पाय फाकून घेणं मात्र उत्तम.

तुमच्यासाठी सांगायचं तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांना "कंबर दुखते" न म्हणता "जांघेत, नाडीच्या जागी, मांडी घालताना आणि बसून उठताना दुखतं" असं सांगा, स्टिरॉइड कधी घेतलं असेल तर तेही, मग ते दोन्ही खुबे एकत्र दिसणारा पेल्विसचा (ओटीपोटाच्या हाडांचा) एक्स-रे सांगतील आणि गरज वाटली तर एमआरआय. त्यात काय निघतं त्यावर व्यायाम ठरतो, म्हणून मी इथे व्यायाम देत नाही. तोवर जेवायला टेबलावर बसा, किंवा खालीच बसायचं असेल तर ढुंगणाखाली घट्ट उशी किंवा पाट घ्या म्हणजे खुबा कमी दुमडतो, आणि कळ येते त्याच्या अलीकडेच थांबा. कमोडची सोय असेल तर काही दिवस तोच वापरा. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, किंवा पायावर भारच न देता येणं यातलं काही सुरू झालं तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.