मॅडम, यांना कामावर पाठवू की नको?

हा प्रश्न बहुतेक वेळा बायकोच विचारते, आणि तोही नवरा खोलीबाहेर गेल्यावर, आवाज खाली आणून. हार्ट अटॅक येऊन गेलेला असतो, स्टेंट बसवलेला असतो, डॉक्टरांनी ‘आता हरकत नाही’ म्हटलेलं असतं. तरी घरातलं कोणी ते मनावर घ्यायला तयार नसतं. मी समुपदेशन करते, आणि माझ्याकडे हा प्रश्न इतक्यांदा आलाय की यावेळी एका घराची हकीकत नीट सांगावी म्हटलं. दोघांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत, नावं देत नाही. भाऊ आणि वहिनी म्हणू या.

भाऊ फोंडा तालुक्यातले, वय ४९. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मेंटेनन्सला फिटर, २२ वर्षं एकाच जागी. जुलैतल्या एका पहाटे छातीत दाब, दरदरून घाम, डावा हात जड. मुलाने १०८ बोलावली. जवळच्या आरोग्य केंद्रात ईसीजी निघाला, तो बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या (गोमेकॉ) डॉक्टरांनी मोबाइलवर पाहिला आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथंच दिलं गेलं. पुढे गोमेकॉत अँजिओप्लास्टी झाली, पाचव्या दिवशी घरी. हृदयापुरतं बोलायचं तर सगळं वेळेत झालं होतं.

माझ्याकडे आले नोव्हेंबरात, ते हृदयासाठी नव्हे. वहिनींनी नेहमीसारखी आळणी पेज पुढे ठेवली आणि भाऊंनी वाडगा भिंतीवर मारला. लग्नाला २३ वर्षं झालेली, या माणसाने कधी आवाज चढवला नव्हता. वहिनी रडल्या नाहीत. आधी धावत जाऊन त्यांनी भाऊंच्या छातीवर हात ठेवला. भाऊ मला म्हणाले, “मॅडम, तो हात बघून मला जास्त राग आला.”

त्या पहिल्या भेटीत तासाभरात भाऊंनी शर्टाच्या खिशातून ऑक्सिमीटर चार वेळा काढला. कोविडच्या वेळी घरोघरी आलेला तोच. बोटाला लावायचा, आकडे स्थिर होईपर्यंत श्वास धरायचा, मग खिशात. घरी दिवसाला वीस-पंचवीस वेळा होतं, वहिनी म्हणाल्या. मी आकडा बघितला. ऑक्सिजन ९८, नाडी ५६. “बघा, ५६. आधी ७८ असायची. हृदय बंद पडत चाललंय.”

चार महिने हा माणूस रोज वीस वेळा आपला मृत्यू मोजत होता. कारण काय, तर एक गोळी. अटॅकनंतर बऱ्याच जणांना बीटा ब्लॉकर देतात. हृदयावरचा ताण कमी व्हावा म्हणून ती गोळी नाडी मुद्दाम संथ करते. काहींना तिने थकवाही जाणवतो. हे त्यांना डिस्चार्जच्या वेळी सांगितलंही असेल, पण त्या दिवशी कोणाच्या डोक्यात काय शिरतं? गोळ्यांबद्दल बोलणं माझं काम नाही, म्हणून मी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडेच पाठवलं, प्रश्न कागदावर लिहून. ‘नाडी ५६ का? चालेल का? किती खाली गेली तर कळवायचं?’ डॉक्टरांनी पाच मिनिटांत समजावलं. तो कागद भाऊंनी पुढे कितीतरी दिवस पाकिटात ठेवला होता.

घरात काय चाललं होतं तेही ऐका. डॉक्टरांनी मीठ आणि तळण कमी करायला सांगितलेलं, वहिनींनी हुमणच, म्हणजे माशांची आमटीच, बंद केलं. मुलगी बारावीची, ती वर्गातलं काही सांगायला आली की ‘पप्पांना त्रास देऊ नको.’ टीव्हीचा आवाज बारीक. विहिरीवरचा पंप चालू करायला भाऊ उठले की मुलगा आधी धावायचा. रात्री वहिनी दोन-तीनदा उठून त्यांच्या नाकाशी बोट धरायच्या. भाऊ जागेच असायचे, डोळे मिटून पडून राहायचे, म्हणजे तिला बरं वाटेल.

ऑक्टोबरात ते दोन आठवडे कामावर गेले होते. तिथेही प्रेमच आडवं आलं. सुपरवायझरने ‘हलकं काम’ म्हणून गेटवरच्या रजिस्टरवर बसवलं. शॉपफ्लोअरवर गेले तर जुने साथीदार हातातून पाना काढून घ्यायचे, “तू बस रे, आम्ही आहोत.” एकदा पंपाचं बेअरिंग आवाज करत होतं. भाऊंना लांबूनच कळलं कुठलं गेलंय. त्यांनी सांगितलं, नवीन पोराने मान डोलावली आणि दुसरंच खोललं. त्या दिवशी घरी आले ते परत गेलेच नाहीत. दिवाळीनंतर गावच्या जत्रेच्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या. दरवर्षी राजाचं काम करणाऱ्या भाऊंना मंडळींनी यंदा प्रॉम्प्टिंग दिलं. तब्येतीला जपून! वाडगा फुटला तो त्याच आठवड्यात.

आपल्याकडे उदास माणूस म्हणजे रडणारा माणूस असं चित्र आहे. पन्नाशीच्या आसपासचे कष्टकरी पुरुष क्वचितच रडतात. ते चिडतात, गप्प होतात, झोप उडते, ‘अंगात ताकद नाही’ म्हणतात, नाहीतर नुसतं ‘टेन्शन’ म्हणतात. मी भाऊंना नैराश्य ओळखायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली दिली. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो, तो मी कधीच गाळत नाही, तोंडाने विचारते. भाऊ बराच वेळ जमिनीकडे बघत होते. मग म्हणाले, “जीव द्यायचं मनात नाही. पण त्या पहाटे सुटलो असतो तर ह्यांचे हाल वाचले असते, असं वाटतं.” त्यानंतर मी मानसोपचारतज्ज्ञांची भेट ठरवली. अशा वेळी गोळी लागलीच, तर हृदयरोग्याला चालतील अशी औषधं असतात. भाऊंना लागली नाही.

अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला चांगलंच नैराश्य येतं, आणि ते मनापुरतं राहत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ साली सांगितलं की नैराश्याकडे हृदयरोग्याचा धोका वाढवणारा घटक म्हणून बघायला हवं. म्हणजे ‘मनाचं नंतर बघू, आधी हृदय सांभाळू’ म्हणून घरात बसवून ठेवलेला माणूस हृदयानेही नुकसानीत जातो.

विश्रांतीबद्दलची आपली कल्पना फार जुनी आहे. एके काळी डॉक्टरच अटॅकनंतर चार-सहा आठवडे पलंगावरून हलू देत नसत. १९५२ साली सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन या बॉस्टनच्या डॉक्टरांनी रुग्णांना लवकर उठवून खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा ते धाडस वाटलं होतं. सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना अटॅक आला. ते कामावर परतले आणि १९५६ ची निवडणूक लढवून जिंकले. हे मी भाऊंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “त्यांना पाना उचलायचा नव्हता.” बरोबरच होतं त्यांचं. फिटरच्या कामाला किती जोर लागतो हे तपासूनच ठरवायला हवं होतं.

त्यासाठी ट्रेडमिल टेस्ट असते. भाऊंची झाली, नऊ मिनिटं चालले, छातीत काही नाही, ईसीजी ठीक. रिपोर्ट घेऊन दोघं आली. भाऊंचा चेहरा जरा उजळलेला, वहिनींचा होता तसाच. “मशीनवर चालणं वेगळं हो मॅडम.”

मला तेव्हा एक जुना अभ्यास आठवला. १९८५ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी, त्यांत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युराही होते, अटॅकनंतर ट्रेडमिलवर चालणाऱ्या पुरुषांच्या बायकांचे तीन गट केले. काही बायका बाहेर थांबल्या, काहींनी नवऱ्याला चालताना पाहिलं, आणि काही जणी नवरा ज्या वेगा-चढापर्यंत पोचला त्यावर स्वतः तीन मिनिटं चालल्या. नवऱ्याच्या हृदयावरचा विश्वास नवऱ्याच्या स्वतःच्या विश्वासाइतका वाढला तो फक्त या शेवटच्या बायकांचा.

हृदयरोगतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी वहिनींची तब्येत, बीपी विचारलं आणि म्हणाले, पाठवा. वहिनींनी साडी वर खोचली, मुलीचे बूट घातले आणि मशीनवर चढल्या. पट्टा उचलला, वेग वाढला. दुसऱ्या मिनिटाला त्यांनी दांडा घट्ट धरला. तिसरं मिनिट संपेपर्यंत तोंडाने श्वास चाललेला, केस सुटलेले. खाली उतरून भिंतीला टेकल्या आणि भाऊंकडे बघत राहिल्या. “ह्याच्यावर तुम्ही चाललात? इतकं?” हे मला भाऊंनी सांगितलं, आणि सांगताना चार महिन्यांत पहिल्यांदा हसले.

त्या रात्री वहिनी नाकाशी बोट धरायला उठल्या नाहीत असं नाही. उठल्या. पण एकदाच.

मग कामाचं. इथे मी नैराश्यासाठी गोव्यातच तयार झालेली एक पद्धत वापरते. ‘संगाथ’ संस्थेने इथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तिची चाचणी घेतली होती, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ती २०१७ मध्ये छापली. प्रशिक्षण घेतलेले साधे समुपदेशक सहा ते आठ भेटींत रुग्णाला रोजच्या छोट्या-छोट्या कृतींकडे परत नेतात. मन लागण्याची वाट बघत बसायचं नाही, एक काम ठरवायचं, करायचं, आणि त्यानंतर कसं वाटलं ते लिहायचं. भाऊंची पहिली ओळ होती, ‘पंप मी चालू केला.’ दुसऱ्या आठवड्यात घराची घाटी चढून देवळापर्यंत. तिसऱ्यात मुलाची बाइक खोलून साफ केली, तीन तास. पुढे लिहिलं होतं, ‘वेळ कळला नाही.’ ऑक्सिमीटर दिवसातून दोनदाच, ठरलेल्या वेळी.

कारखान्यात फिटनेस सर्टिफिकेट दिलं, त्यावर डॉक्टरांकडून मुद्दाम सविस्तर लिहून घेतलं होतं. जनरल शिफ्ट, तीन महिने रात्रपाळी नाही, ठरावीक वजनापलीकडे एकट्याने उचलायचं नाही, बाकी नेहमीचं काम. नुसतं ‘हलकं काम द्यावं’ लिहिलेल्या चिठ्ठीने माणूस गेटवर बसतो, हे लक्षात ठेवा. साथीदारांशी भाऊंनी स्वतःच बोलावं असं ठरलं. वाक्य आम्ही माझ्या खोलीत चार वेळा म्हणून बघितलं, “लागलं तर हाक मारीन, पाना माझ्याकडे राहू दे.”

पैशांचंही एक सांगते, कारण बऱ्याच घरांत ते माहीत नसतं. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या विमाधारक कामगाराला ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेतून आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो, आणि ठरवून दिलेल्या दीर्घ आजारांसाठी तो पुढे वाढवताही येतो. कंपनीच्या ऑफिसात विचारायला लाजू नका.

वहिनींचा अजून एक प्रश्न होता, तीन भेटी झाल्यावर त्या तो विचारू शकल्या. नवरा-बायकोच्या संबंधांचा. दोन जिने न थांबता, न दुखता चढता येत असतील तर सहसा भीती नसते, तरी आपल्या डॉक्टरांना विचारावं, आणि ताकदीची म्हणून मिळणारी कुठलीही गोळी मनाने घेऊ नये. छातीत पुन्हा तसाच दाब आला, तर मात्र ‘टेन्शन असेल’ म्हणत बसायचं नाही, १०८. हे दोघांनाही तोंडपाठ आहे.

भाऊ जानेवारीत रुजू झाले. नाटकात राजाचं काम यंदा दुसऱ्यालाच गेलं, त्याचं वाईट वाटलं ते वाटलंच. हुमण आठवड्यातून तीनदा होतं, मीठ बेताचं. घरून दिवसाला सहा फोन जायचे ते एकावर आले, दुपारी एकला, जेवणाच्या सुट्टीत.

गेल्या आठवड्यात दुपारी सव्वाला वहिनींचा मला फोन आला. भाऊ उचलत नव्हते. “दोनदा केला, मॅडम. मशीनखाली असतील ना? तिथे ऐकू येत नाही म्हणतात.” मी म्हटलं, असतील, आपण दोघी थांबू या. मग त्या मुलीच्या परीक्षेचं बोलल्या, काजूच्या मोहराचं बोलल्या, मध्येच गप्प झाल्या. पलीकडे टूंटूं वाजलं.

“ठेवते हं मॅडम, त्यांचाच आहे.”