आजोबांच्या ट्रंकेत कमान-कारंज्याचं जुनं पेन्सिल स्केच सापडलं, पण अर्धंच आहे. अपुरं राहिलं असेल का? आणि किती जुनं असेल?

डावीकडे अर्धी कमान, कठडा, त्यावर कुंड्या, पुढे अर्धं कारंजं आणि मधल्या उभ्या रेषेपलीकडे कोरा कागद, असं तुम्ही लिहिलंय. मला ते अपुरं वाटत नाही. मी ड्राफ्ट्समन होतो. दोन्ही बाजू सारख्या असल्या की आम्हीही अर्धंच एलिव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारी बाजू, काढून मध्ये सेंटर लाइन मारायचो. पाथरवटाला तेवढं पुरतं.

खात्रीसाठी खोलीत अंधार करा आणि टॉर्च कागदालगत आडवा धरा. डिव्हायडरच्या टोकाची बारीक भोकं, पट्टीने ओढून खोडलेल्या रेघा दिसल्या तर ते बांधकामासाठीच केलेलं ड्रॉइंग. खाली फुटांचं स्केल असेल तर प्रश्नच मिटला. यातलं काहीच नाही, पण सावल्या मात्र मन लावून भरल्यात, असं असेल तर चित्रशाळेतला सराव समजा.

नक्षीवरून गाव ओळखायला मात्र जाऊ नका. ग्लासगोच्या मॅकफार्लेन कंपनीची ओतीव लोखंडी कारंजी, कठडे, बँडस्टँड लोक कॅटलॉग बघून मागवायचे. आपलं फ्लोरा फाउंटन तरी कुठे इथलं? आराखडा इंग्रज वास्तुविशारद रिचर्ड नॉर्मन शॉचा, दगड इंग्लंडातला पोर्टलंड, आणि मुळात ते बसायचं होतं राणीच्या बागेत!

वयाचं म्हणाल तर कागद उजेडासमोर धरून वॉटरमार्क, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, शोधा. निर्यातीच्या कागदावरचा कर परत मिळावा म्हणून 1794 पासून इंग्लंडचे कारखाने वॉटरमार्कमध्येच साल घालू लागले; व्हॉटमन या इंग्लिश कारखान्याच्या कागदावर ते बऱ्याचदा सापडतं. पण ते साल कागदाचं. चित्र त्याआधीचं नाही, एवढंच त्यावरून कळतं. चांगला कागद लोक वर्षानुवर्षं जपून वापरत. वॉटरमार्क नाही, रंग तपकिरी आणि कडा हात लावताच तुटतात, असं असेल तर तो बहुधा लाकडाच्या लगद्याचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला किंवा नंतरचा.

लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, डाग खोडरबराने काढू नका. डागासोबत पेन्सिलही जाईल. आम्लरहित कागदात सपाट ठेवा. दुरुस्ती लागलीच तर फ्रेमवाल्याकडे न देता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या कलासंवर्धन केंद्रात विचारा. आणि मागची बाजू पाहिलीत का? दगडाची मापं, हिशोब बहुतेकदा तिथेच खरडलेले असतात. त्याचा फोटो टाका.